न मारलेल्या सोंगट्या

१९५६ साली मध्य प्रदेश हे नवं राज्य झालं आणि ग्वाल्हेरची कचेरी भोपाळला हलणार असं ठरलं. दोघा कारकुनांपैकी एकालाच मागे राहता येणार होतं, म्हणून रमाकांत आणि सूर्याजीनं ड्राफ्ट्सच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मारायच्या खेळाच्या, एका डावावर फैसला करून टाकला. रमाकांत जिंकला.

घरी त्याच्या बायकोनं, सातव्या महिन्यातल्या शरयूनं, त्याला चाली विचारत सूर्याजीचं कुठं चुकलं ते बघायला तोच डाव पुन्हा मांडला, आणि मध्येच तिचा हात थबकला.

“इथं तर भावजी तुमच्या तीन सोंगट्या मारू शकत होते! या खेळात मारणं सोडता येत नाही ना? मग तुम्ही टोकलं कसं नाहीत?”



“मुद्दाम भलतीच सोंगटी सरकवून तो माझ्याकडे बघत बसला होता,” रमाकांत म्हणाला. “मी मान वर केलीच नाही.”