मधली कळी

प्रतिमानं पाण्याचा पाइप डेलियांच्या वाफ्यात सोडला आणि ती आत निघून गेली.

व्हरांड्यात व्हीलचेअरवर बसलेल्या लक्ष्मीकांतरावांचा जीव कासावीस झाला. जानेवारीचं धुकं अजून विरलं नव्हतं. माती कालचीच ओली होती. असल्या थंडीत मुळाशी पाणी साचलं की डेलियाचे कंद कुजतात. त्यांनी डावा हात उचलून पाइपकडे दाखवला, घशातून नुसता घरघराट आला. उजवा हात ऑक्टोबरातल्या पक्षाघाताच्या झटक्यापासून मांडीवर मेल्यासारखा पडून होता. वाचाही त्याच झटक्यात गेली होती. डोकं मात्र लख्ख होतं, आणि खरा ताप तोच होता.

प्रतिमा धावत बाहेर आली.

"थंडी वाजतेय का हो?" तिनं त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, गळ्याशी नीट खोचली. पाइप वाहतच राहिला.

नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे लक्ष्मीकांतरावांनी अर्धा देश पालथा घातला होता. निवृत्तीनंतर हा अमरावतीचा माणूस चंडीगडलाच राहिला, तो केवळ डेलियांपायी. इथल्या थंडीत फूल जेवणाच्या ताटलीएवढं होई. शहरातल्या प्रदर्शनात पहिला नंबर त्यांचा, हे ठरलेलंच. रोपांना ते कुणाला हात लावू देत नसत.

"तुला त्यातलं काही कळत नाही," असं ते प्रतिमाला म्हणत. ती चहाचा कप कठड्यावर ठेवून जराशी उभी राहायची आणि आत जायची.

आता सगळी बाग तिच्या हातात होती.

बिचारी मन लावून करत होती. मोहरीच्या पेंडीचं पाणी पातळ न करताच तिनं ओतलं आणि पानांच्या कडा करपल्या. काठीला रोपं बांधली ती इतकी करकचून, की दोरी खोडात रुतली. लक्ष्मीकांतराव डोळे मिटून घेत. रागवावं तरी कुणावर? त्यांना भरवणं, दाढी करणं, रात्री कूस बदलून देणं, ती कशातच कमी पडत नव्हती.

"आंटीजी जैसी सेवा आजकल कौन करता है," निधी म्हणायची. त्यांना पुन्हा बोलायला शिकवण्यासाठी ही मुलगी झिरकपूरहून यायची. "और अंकल, देखना, पहला शब्द आंटीजी का नाम ही निकलेगा. पक्का!"

प्रतिमा नुसती हसली.

दिवसभर बसून बसून लक्ष्मीकांतरावांना जुनं आठवे. लग्नानंतर प्रतिमा अमरावतीला शाळेत शिकवायची. बदली झाली तेव्हा तिला न विचारताच त्यांनी शाळेला कळवून टाकलं होतं, ती येणार नाही म्हणून. पुढं जयपूरला तिनं पुन्हा नोकरी धरली आणि तिथं तिला मुख्याध्यापिका करायला निघाले, तेव्हा तीही त्यांनी सोडायला लावली. घरात पुढं जायचं ते एकानंच, असं त्यांचं मत. ती काही दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली. समजूतदार बाई.

फेब्रुवारीत कळ्या धरल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली.

डेलियाच्या शेंड्यावर तीन कळ्या येतात. बाजूच्या दोन खुडायच्या, म्हणजे सगळा जोर मधलीत जातो आणि फूल मोठं होतं. प्रतिमानं कात्री घेतली आणि मधली कळी खुडली. मग शेजारच्या रोपाचीही मधलीच.

लक्ष्मीकांतराव खुर्चीत धडपडले. तोंडातून लाळ गळाली. ती लगबगीनं आली, रुमालानं त्यांचं तोंड पुसलं.

"तिथून नीट दिसत नाही का?" तिनं खुर्ची ढकलत वाफ्याच्या अगदी कडेला आणली, चाकं अडकवली. "आता बघा."

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिनं एकेक रोप संपवलं.

शेवटी एकच उरलं, गर्द मरून फुलाचं. त्याला कळ्या उशिरा यायच्या. दर वर्षीचं बक्षीस त्याचं. त्या रोपासाठी लक्ष्मीकांतराव जिवाच्या करारानं कामाला लागले. निधी त्यांच्याकडून 'म' घोटून घेत होती, ओठ मिटायचे आणि उघडायचे. ती गेल्यावरही ते एकटेच ओठ मिटत, उघडत. 'म' जमला. 'ध'पाशी जीभ अडखळे. पुन्हा पहिल्यापासून. मरून रोपाच्या कळ्या दिवसागणिक टपोरत होत्या आणि त्यांची जीभ काही वळत नव्हती.

एके दिवशी सकाळी स्वच्छ ऊन पडलं. प्रतिमानं त्यांची खुर्ची बाहेर आणली, शाल नीट केली आणि कात्री घेऊन ती मरून रोपापाशी वाकली.

"म…" लक्ष्मीकांतरावांच्या मानेच्या शिरा ताठल्या. "म… मध… मधली!"

चार महिन्यांनी त्या घरात त्यांचा शब्द उमटला होता.

प्रतिमा गर्रकन वळली.

"मधली… नको," ते म्हणाले. शब्द बोबडे होते, पण स्पष्ट होते.

"अगंबाई, बोललात की हो!" ती धावत आली, पदरानं त्यांचे डोळे टिपले. ते लहान मुलासारखे रडत होते. झालं. आता तिला सांगता येईल. पाण्याचं, पेंडीचं, सगळंच. पुढच्या वर्षी बाग पुन्हा उभी राहील. त्यांनी डाव्या हातानं तिचा हात धरला आणि पुन्हा एकदा, सावकाश, शिकवल्यासारखं म्हटलं, "मधली… ठेव."

तिनं हलकेच हात सोडवून घेतला आणि ती रोपाकडे गेली.

"माहीत आहे मला. पहिल्या वर्षापासून," प्रतिमा म्हणाली, आणि तिनं मधली कळी खुडली.