देवीची गादी

कापसाची गाठोडी दारात टाकून तात्या पुजारी उंबऱ्यावर टेकले.

"दस्तगीर, नवरात्राआधी देवीची मूर्ती पलंगावर निजणार. गादीचा कापूस पिंजून दे."

दस्तगीर पिंजारी भिंतीशी बसून, ओठांचा चंबू करून, हळूहळू श्वास सोडत होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं शिकवलं होतं. रोज थोडं थोडं चालायलाही लावलं होतं. आता तो मधे न बसता वेशीपर्यंत जाऊन येई. पायांची सूज उतरली होती.

"कापसाला हात लावायचा न्हाय म्हनलेत डॉक्टर," चुलीपासून मालनबी, त्याची बायको, म्हणाली. "छाती जरा सावरतीय, पर तिचा भार वाहून काळीज लई दमलंय म्हनं. दोनी संबाळा म्हनले."

"मग राहू दे," तात्या मायेनं म्हणाले. "निजामाच्या अमदानीपासून तुमच्या घराचा मान, म्हणून आधी इथं आलो. यंदा सोलापुराहून तयार गादी आणू. तू आराम कर."

आणि ते गाठोडी उचलू लागले.

"ठिवा ते, तात्या," दस्तगीर म्हणाला.

त्यानं खुंटीवरचं पिंजण काढलं. मालनबी चुलीपासून उठली. मग तिनं जुन्या लुगड्याची चिंधी भिजवली आणि त्याच्या नाकातोंडावर बांधली. धुळीचा बंदोबस्त झाला. काळजावर बांधायला तिच्याकडं काही नव्हतं.

दिवसभर पिंजणाची तात घुमत राहिली. दिवेलागणीला गादी भरून झाली.

देवी निजली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या प्रसाद घेऊन आले.

"काय गादी केलीस रे! आई टेकली तशी निजली बघ."

दस्तगीर मांडीवर उशा घेऊन पुढं वाकून बसला होता. पाय पुन्हा सुजून खांबासारखे झाले होते.

"काम झालं ना आता? मग जरा आडवा हो की."

दस्तगीरनं तोंड उघडलं. शब्दापुरता श्वास मिळाला नाही.

"आडवं झालं की गुदमरत्यात," मालनबी म्हणाली. "गादी केल्यापासनं बसूनच हायती."

तात्यांनी प्रसादाचा द्रोण तिच्या हाती दिला. मग उंबरा ओलांडता ओलांडता स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"म्हणजे पुढल्या साली सोलापूरचीच आणावी लागणार."