सायीतलं भरीत

दुधी वाफवून झाला होता. चंदनबाला तो पितळीत घेऊन रवीनं घोटत होती आणि तिची आई गुणमाला चुलीपाशी बसून तीळ भाजत होती.

तासगावचे पाहुणे दुपारी सांगलीत पोचणार होते. लढाईमुळं साखर रेशनवर, म्हणून गोडाचा बेत सोडून मायलेकींनी सायीतलं भरीत ठरवलं होतं. कडक भाकरीच्या तुकड्यांवर ते लावून द्यायचं.

स्थळ नानासोमामानं आणलं होतं. वर्धमान भुसाराचा व्यापारी, चाळिशीतला. बायको वारलेली, मागं दोन पोरं. सतरा वर्षांच्या चंदनबालाला ऐकताच पसंत पडलं. गुणमाला मात्र महिनाभर नाही म्हणत राहिली, भावाशी अबोला धरला. शेवटी लेकीच्या हट्टापुढं तिचं काही चाललं नाही.

आताही तिनं हळूच विचारलं, "तुज्या बाबांना ह्ये रुचलं असतं का?"

चंदनबालाचा हात थांबला. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती.

"बाबांना रडणं कवा आवडायचं न्हाई," ती म्हणाली.

"दोन पोरं हायत गं त्येंना."

"मामासंगं जाऊन बगून आले की. धाकटी तर माज्या मांडीवरनं उठंना."

तिनं दुधीत घट्ट साय घातली, तिळाचं कूट, जिरं, ठेचलेली मिरची घातली आणि बोटभर भरीत आईच्या तोंडात दिलं. मीठ कमी होतं. गुणमालानं चिमूटभर टाकलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

पाहुणे आले. वर्धमान आणि त्याची थोरली बहीण सुलाबाई. चंदनबालानं ताटली पुढं ठेवली. वर्धमान संकोची माणूस. मान वर न करता त्यानं चार तुकडे खाल्ले. सुलाबाईनं भरताची कृती विचारून घेतली. पोरांची चौकशी झाली, पेठेतल्या धान्याच्या दरांची झाली. मग बोलणं सरलं. मधल्या दाराशी रिकामा पाट मांडलेला होता. पाहुण्यांशेजारी बसलेल्या नानासोनं भाचीकडं पाहिलं.

चंदनबाला उठून आत गेली. तिनं आईच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, तिचा गार पडलेला हात धरून तिला बाहेर आणलं आणि वर्धमानसमोर त्या पाटावर बसवलं.

"ही माजी आई," ती त्याला म्हणाली. "हिला जपाल न्हवं?"