बोक्याचं क्रियापद

"मदाम, बोका नडला," छापखान्याचे मुद्रितशोधक उस्ताद बहजत म्हणाले आणि मुद्रितांचा गठ्ठा त्यांनी शाहिनाजपुढे सरकवला.

तिने पहिलं पान पाहिलं. मग मधलं कुठलंतरी. तिच्या कादंबरीतल्या शहरात कित्येक पिढ्या पुरुष नव्हता. बायका विहिरी खणायच्या, निवाडे करायच्या, नाईलकाठी एकट्या भटकायच्या. उस्तादांच्या लाल पेन्सिलीने त्या सगळ्या जणी आता विहिरी खणायचे, निवाडे करायचे आणि एकटे भटकायचे.

"शंभर बायकांत एक पुरुष आला, की क्रियापद पुरुषाचं," उस्ताद म्हणाले. "अरबीचा नियम आहे. मी नाही केला."

"तो बोका आहे, उस्ताद."

"त्याला नाव आहे. मिशमिश. चौथ्या पानावर तो पंगतीला बसतो, पाचव्यावर मत देतो. माणसातच जमा."

"आणि चांदण्यात झोपून बायकांना मुली होतात, ते चालतं?"

"ते माझ्याकडे नाही. मी फक्त व्याकरण बघतो."

चहा घेऊन आलेली नगिया फिस्सकन हसली. "ताई, बोक्याची मांजरी करून टाका की."

"मग पिल्लं कुणाची, असं विचारतील," उस्ताद गंभीरपणे म्हणाले.

खाली यंत्राला शाई लावून झाली होती. आत्ता सही झाली नाही, तर त्यावर शाळेची गाइडं चढणार होती. आणि ही कादंबरी छापायला कैरोत दुसरं कुणी तयार नव्हतं. शाहिनाजला राग यायला हवा होता. तिने थोडी वाट पाहिली. आला नाही.

मिशमिश खराखुरा होता. गेल्या हिवाळ्यात मेला. त्या शहरात आपल्या घरातून न्यावं असं तिला तेवढंच सापडलं होतं.

तिने पेन्सिल मागून घेतली. मिशमिशला पंगतीतून उठवलं, गच्चीवरच्या उन्हातून हाकललं, त्याचं मतही काढून घेतलं. मागोमाग उस्ताद आपल्या खुणा खोडत आले. पानापानावर बायका पुन्हा बायका होत गेल्या.

शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. तिची शेवटची ओळ होती, 'आता आपण सगळ्या मोकळ्या.' त्यावर लाल अक्षरांत होतं, 'सगळे मोकळे.' उस्ताद ते खोडेनात.

"बोका गेला," शाहिनाज म्हणाली. "आता इथे पुरुष कोण उरला?"

उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

"तुम्ही 'आपण' म्हणालात, मदाम. मी वाचत होतो ना."