कोपऱ्यातली टाइल

आई उद्या दवाखान्यातून घरी येणार म्हणून तो बाथरूममध्ये खरखरीत टाइल्स बसवत होता. जुन्या गुळगुळीत फरशीवरूनच ती घसरून पडली होती. शेवटची टाइल बसली आणि दवाखान्यातून ताईचा फोन आला. तो दोनदा "बरं" म्हणाला, फोन खिशात टाकला आणि एकेक टाइल बोटाने वाजवून बघू लागला.

कोपऱ्यातली पोकळ वाजली. त्याने ती थापीने उचकटली. अॅडेसिव्ह नुसतं मधोमध लागलं होतं, कडा कोरड्याच.

आंघोळीचं नवं स्टूल घेऊन बायको दारात आली. "अहो, बसवलेली काय उपटताय? सुकायला चोवीस तास लागतात म्हणे. उद्या आईंनी काय हवेत उभं राहून आंघोळ करायची?"

त्याने टाइल उलटी केली आणि दातेरी थापीने पार कडेपर्यंत अॅडेसिव्ह ओढलं. एकही कोपरा सुटू दिला नाही.

"स्टूल दुकानात परत देऊन टाक," तो वर न बघता म्हणाला. "ताईचा फोन आला होता. आता काही घाई नाही."