दोन हजार पाचशे वीस

"सात, आठ, नऊ आणि दहा मात्रांचे चार ताल एकदम सुरू केले, तर चौघांची पहिली मात्रा, म्हणजे सम, पुन्हा एकत्र येते ती दोन हजार पाचशे वीस मात्रांनंतर. त्याआधी नाहीच!" निवृत्त गणित शिक्षक बेहेरेमास्तर तबल्याच्या क्लासमध्ये सांगत होते. "या संख्येला एक ते दहापैकी कशानेही भागा, बाकी शून्य. इतकी मनमिळाऊ संख्या याहून लहान सापडायची नाही."

"मास्तर, तीन वर्षांत तुम्हाला साध्या त्रितालाची सम सापडली नाही," गुरुजी हसले. "सम मोजून येत नाही हो. पण बघूच तुमची संख्या. तुम्ही फक्त मोजा."

चार मुलींनी चार ताल धरले. गुरुजी छडीने मात्रा देऊ लागले. मास्तर डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजत होते. पाचशे चार मात्रांनंतर तिघी समेवर भेटल्या. दहा मात्रांची झपतालवाली तेवढी मधेच राहिली. मनगटं भरून आली, तरी कुणी थांबेना.

एकविसाव्या मिनिटाला मास्तरांचा हात उठला आणि मांडीवर पडला. त्याच क्षणी चारही तबल्यांवर एकच थाप पडली. मुली किंचाळल्याच.

"मानलं, मास्तर!" गुरुजींनी छडी भिरकावली. "एक मात्रासुद्धा चुकला नाहीत मोजताना!"

मास्तर आपल्या हाताकडे बघतच राहिले होते.

"मोजायचं तर मी हजारालाच विसरलो, गुरुजी. नुसता ऐकत बसलो होतो."