राहिलेला परिच्छेद

शर्वरीने दुसरं पान वाचायला घेतलं तरी श्रीरंग उठला नव्हता.

कथागटाच्या बैठकीत तो कधी बसत नसे. बैठक त्याच्या घरी असली तरी चहा होईपर्यंत थांबायचा आणि मोटारसायकल काढून निघून जायचा. आज त्याची बायको छाया म्हणाली, "बसा ना तुम्हीपण, शर्वरीची कथा आहे," आणि तो खरंच बसला. सोफ्याच्या पाठीवर हात पसरून, ऐसपैस. शेजारी छाया, मोबाइल हातात धरून. समोरच्या खुर्चीत अशोक सर होते आणि खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून, उषाबाई.

या वेळचा विषय सरांनीच दिला होता. पार्टी लिहा म्हणाले होते. गर्दी दिसली पाहिजे, आवाज ऐकू आले पाहिजेत, अन्नाचा वास आला पाहिजे. शर्वरीला पार्टी शोधायला लांब जावं लागलं नाही. जानेवारीत याच इमारतीच्या गच्चीवर छायाने सगळ्यांना पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा भाजलेला दाणा, खायला बोलावलं होतं. कथेत शर्वरीने गच्चीचं गावाबाहेरचं, कामरेजकडचं शेत केलं, पोंकाचा हुरडा केला. नवराबायकोची नावं बदलली, नवऱ्याला चष्मा लावला. तेवढं पुरेल असं तिला वाटलं होतं. श्रीरंग समोर बसून ऐकेल हे तिने धरलंच नव्हतं.

"'शेव संपली रे,' कोणीतरी ओरडलं," ती वाचत होती, "आणि चार हात एकदम एकाच डब्यात शिरले."

श्रीरंग मोठ्याने हसला. "हे बेस्ट आहे. आपल्याकडे झालं होतं अगदी तसंच. नाही गं?"

"हो," छाया म्हणाली.

शर्वरीने पुढच्या ओळींवर नजर टाकली. तो परिच्छेद आता चार ओळींवर आला होता. जागा बदलली, चष्मा लावला, पण बायकोने केलेला विनोद तिने जसाच्या तसा ठेवला होता. ती हळू वाचायला लागली. कागदावरून नजर उचलली की छायाचा हात दिसत होता. मोबाइल धरलेल्या बोटांत करंगळी तेवढी वेगळी, तिरकी राहिली होती. दारात सापडली, असं छायाने जानेवारीत सगळ्यांना सांगितलं होतं.

थोड्या वेळाने आपण सगळे उठणार. मग या घरात ही दोघंच.

शर्वरीने तो परिच्छेद सोडला आणि पुढचा वाचला. पाहुणे गप्प झाले, उठले, कोणीतरी शेकोटीवर पाणी ओतलं. कथा संपली.

"वास आला हो हुरड्याचा," उषाबाई म्हणाल्या.

अशोक सर कपाळ चोळत होते. "रंगलीय छान. पण मध्ये काहीतरी गळलंय, शर्वरी. इतकी हसणारी माणसं एकदम गप्प होऊन घरी का जातात?"

"बघते सर. परत लिहून आणते."

"एक परिच्छेद राहिला," छाया म्हणाली.

ती मोबाइलकडे बघत होती. शर्वरीने कथा आधीच गटावर टाकली होती, पण वाचून येण्याची सवय कोणालाच नव्हती. आणि दुसऱ्याच दिवशी छायाचा निरोप आला होता, या वेळी उषाबाईंकडे नको, माझ्याकडे या. शर्वरीला ते आत्ता आठवलं.

"राहू दे, छाया. काढलाय मी तो."

"चांगला आहे. मी वाचते."

आणि ती वाचायला लागली. "'यांना पोहता येत नाही बरं का,' ती म्हणाली. 'तापी दिसली तरी माझा हात धरतात.' सगळे हसले. तोही हसला. हसता हसता त्याने परातीखाली तिचा हात धरला आणि करंगळी मागे वाकवली. आणखी वाकवली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं. शेजारी बसलेल्या बाईने ते पाहिलं. मग त्या बाईने बोटाला लागलेली चटणी चाटली आणि विचारलं, वांगी भाजली का?"

छायाचा आवाज कुठेही अडखळला नाही. शेवटचा शब्द वाचून तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

श्रीरंगने सोफ्याच्या पाठीवरचा हात खाली घेतला.

"बाकी ठीक आहे," तो शर्वरीकडे बघत म्हणाला, "पण हे काही पटत नाही. एवढी माणसं बसलेली असताना असं कोण करेल? कोणाला दिसणार नाही का?"

हो, तिथे जरा जास्तच झालंय, एवढं शर्वरीने म्हटलं असतं तरी सगळं निभावून गेलं असतं. सरांनी मान हलवली असती, दुसरा चहा आला असता.

"दिसलं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "मी शेजारीच बसले होते."

छायाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

श्रीरंग उठून उभा राहिला. "चला," तो म्हणाला, "तुम्हा लोकांना उशीर होत असेल."

अशोक सर चटकन उठले. दारापर्यंत गेलेसुद्धा. उषाबाईंनी मात्र खांद्याची पिशवी काढून बाजूला ठेवली आणि सतरंजीवर पाय लांब केले.

"मला नाही उशीर," त्या म्हणाल्या. "छाया, आज मी इथेच राहते गं."

सरांनी एक चप्पल पायात सरकवली होती. ती काढून ते परत आत आले आणि खुर्चीत बसले.